सरकलेलं बटण आणि दोन डेस्कटॉप : ठाकूरद्वारच्या एका डीटीपी दुकानाचं प्रकरण

लग्नाच्या तीनशे पत्रिका चुकीच्या मुहूर्तासह छापल्या गेल्या. गुरुजींनी दिलेला मुहूर्त दुपारी १२ वाजून ४७ मिनिटांचा, छापला गेला १२ वाजून १७. चूक मुद्रितशोधनात सापडली होती, दुरुस्तही झाली होती. दुरुस्त झालेली पत्रिका मुलीच्या वडिलांनी स्वतः पडद्यावर बघून 'हो' म्हटलं होतं. तरी मशीनवर गेली ती जुनीच. दुकानातल्या प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं. एकाने केलं नव्हतं, आणि तो मी. पण तिथे यायला अजून वेळ आहे, कारण पत्रिकांचा घोळ व्हायच्या आधीचे बारा दिवसच जास्त शिकवणारे होते.

दुकान मुंबईत, ठाकूरद्वारला, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर. बाहेरच्या खोलीत चार कॉम्प्युटर, आतल्या खोलीत डिजिटल छपाईचं मशीन. काम ओळखीचंच: लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सव मंडळांच्या पावत्या आणि स्मरणिका. मी यांची कॉम्प्युटरची मशीनं सांभाळतो. प्रकरण लिहिताना नावं झाकायची पद्धत आहे, म्हणून दुकानाचं, माणसांचं आणि कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीचंही नाव देत नाही. ज्यांनी ती वापरली आहे ते ओळखतीलच.

मुख्य पात्र म्हणजे ताई. वय ५४, याच खुर्चीवर १९९७ पासून. मराठी टायपिंगची ३० शब्दांची सरकारी परीक्षा त्यांनी टाइपरायटरवर दिली, आणि तोच कळफलक आजही त्यांच्या बोटांत आहे. कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये लग्नपत्रिका लावताना त्या कळफलकाकडे बघत नाहीत, हे सांगायला नकोच. पण त्या पडद्याकडेही अर्धवटच बघतात. डोळे हस्तलिखितावर, कान दारातल्या गिऱ्हाइकाकडे. बाकी मंडळींत मालक, मुद्रितशोधन करणारे सत्तरीतले काका, आत मशीनवर बसणारा मुलगा आणि दोन वर्षांपूर्वी लागलेला एक तरुण डिझायनर.

बदल करणं भाग होतं. दोन मशीनं रोज सकाळी देवाला नवस बोलल्याशिवाय सुरू होत नव्हती, आणि जुन्या सिस्टीमच्या सुरक्षा-दुरुस्त्या पुढच्या वर्षी बंद होणार अशी सूचना पडद्यावर येऊ लागली होती. २०२४ ची दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली, आणि नेमकी लग्नसराई तोंडावर असताना मालकांनी लॅमिंग्टन रोडवरून चार नवी मशीनं आणली. वेळ चुकली हे आता सगळे म्हणतात. तेव्हा मीही काही बोललो नाही. शनिवारी रात्री आणि रविवारी बसून मी चारही मशीनं लावली. नवी सिस्टीम आधीपासून भरलेलीच होती. ती विचारत होती ते सगळं 'पुढे, पुढे, हो, पुढे' करत गेलो.

सोमवारी अकरा वाजता फोन. "अरे, माझं बटण कुठे गेलं?"

कोपरा

ताईंचा हात वर्षानुवर्षं एक काम न बघता करत आला होता: माउस डावीकडे खाली ढकलायचा आणि क्लिक करायचं. 'स्टार्ट'चं बटण विंडोज ९५ मध्ये, म्हणजे ऑगस्ट १९९५ मध्ये, त्या कोपऱ्यात बसलं आणि नंतर दीर्घकाळ तिथेच राहिलं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते काढलं होतं. लोकांनी इतका ओरडा केला की २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं. हा इतिहास जगजाहीर आहे. आमच्या नव्या सिस्टीममध्ये बटण काढलेलं नव्हतं, खालच्या पट्टीच्या मध्यभागी सरकवलं होतं.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण मध्यभागी म्हणजे नेमकं कुठे, याचं उत्तर दर घडीला बदलतं. सगळी चित्रं मिळून मध्यावर राहायची असल्यामुळे नवा प्रोग्रॅम उघडला की पूर्ण रांग थोडी डावीकडे सरकते, बंद केला की उजवीकडे. सकाळी बटण जिथे होतं तिथे ते दुपारी नसतं. म्हणजे नवी जागा हाताला शिकवायची म्हटली तरी शिकवता येत नाही. दर वेळी डोळ्यांनी शोधायचं.

कोपऱ्याची गंमत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांच्या १९५४ च्या नियमातून समजते. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. पडद्याचा कोपरा दिसायला एवढासा, पण माउस कितीही जोरात ढकलला तरी तो कोपऱ्याच्या पलीकडे जात नाही, अडकून तिथेच थांबतो. त्यामुळे हाताच्या दृष्टीने कोपऱ्याएवढं मोठं लक्ष्य पडद्यावर दुसरं नाही. डोळे मिटूनही चुकत नाही. ही पडद्यावरची सगळ्यात मोक्याची जागा नव्या सिस्टीमने रिकामी केली, आणि तिथे बसवलं काय? हवामान.

बरं, नुसतं हवामान दाखवून ते गप्प बसत नव्हतं. बाण त्याच्यावर जरा थांबला की अर्धा पडदा व्यापणारी खिडकी उघडायची: मुंबई ३२ अंश, खाली नटनट्यांच्या बातम्या, शेअर बाजार, केसगळतीवर उपाय. ताईंचा हात जुन्या सवयीने कोपऱ्यात जाणार, आणि समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना पत्रिकेतल्या गणपतीवर कोणाचा तरी घटस्फोट उघडणार. पहिल्या दिवशी सगळे हसले. तिसऱ्या दिवशी ताई हसत नव्हत्या.

मालकांचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ही सगळी गिरगाव-काळबादेवीची पट्टी छापखान्यांची. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये सुरू झाला तो इथून चालत जाण्याच्या अंतरावर. देवनागरीच्या जुळाऱ्याला जोडाक्षरांमुळे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खाने सांभाळावे लागत. मालक सांगतात, वडिलांचे डोळे पुढ्यातल्या कागदावर असत आणि हात आपोआप बरोबर खान्यात जाई. मी त्यांना विचारलं, रात्रीतून कोणी खाने बदलले असते तर? ते म्हणाले, "बदलणाऱ्याला बाबांनी खिळ्यांसकट गल्लीत फेकला असता."

मला हे प्रकरण इथेच उमजलं. नवी सिस्टीम अवघड नव्हती. दिसायला जुनीपेक्षा देखणी होती, गोलसर कोपऱ्यांची, मोकळी मोकळी. पण जी कामं ताई हाताने करत होत्या ती तिने डोळ्यांकडे सोपवली, आणि ताईंचे डोळे आधीच दुसऱ्या कामाला लावलेले होते.

राइट क्लिक, आणि एकाच चित्राखाली नऊ लग्नं

फाईलवर राइट क्लिक केलं की पूर्वी शब्दांची लांब यादी यायची. नव्या सिस्टीममध्ये कट, कॉपी, नाव बदलणं, पुसणं यांची छोटी चित्रं एका ओळीत येतात. आमच्याकडे आलेल्या आवृत्तीत चित्रांखाली शब्द नव्हते. शिवाय ती ओळ कधी यादीच्या वर तर कधी खाली. बाणाच्या जवळ पडावी म्हणून ती जागा बदलते. कल्पना वाईट नाही, पण परिणाम असा की नाव बदलायला गेलेल्या ताई एकदा फाईल पुसून बसल्या. कचऱ्याच्या डब्यातून ती परत मिळाली, पण त्यानंतर त्या राइट क्लिक करताना श्वास रोखून धरायच्या. बाकीच्या जुन्या गोष्टी 'आणखी पर्याय'च्या मागे गेल्या होत्या. म्हणजे एका क्लिकचं काम दोन क्लिकचं, आणि दिवसातून किती वेळा ते विचारू नका.

कंपनीची बाजूही सांगायला हवी. जुनी यादी खरंच बेशिस्त झाली होती. जो तो प्रोग्रॅम येऊन तिच्यात आपली ओळ घुसवायचा. लोकलच्या डब्यात चौथी सीट मागतात तसं. कोणीतरी ती आवरायला हवीच होती. पण आवरताना घरातल्या माणसाला विचारून भांडी हलवतात. आपल्याला माहीत असलेला डबा फडताळावरून गेला, की स्वयंपाकघर कितीही नीटनेटकं असो, पोह्यात साखर पडतेच.

खालच्या पट्टीचं दुखणं वेगळं होतं. ताई एका वेळी आठ-नऊ फाईली उघड्या ठेवतात. पूर्वी पट्टीवर प्रत्येक फाईलचं नाव दिसायचं: कुणाचं लग्न, कुणाची मुंज, अमक्या सोसायटीचा ताळेबंद. नव्या मांडणीत एका प्रोग्रॅमच्या सगळ्या फाईली एकाच चित्राखाली गेल्या. त्या चित्रावर जायचं, मग चिमुकल्या प्रतिमा येतात, त्यातली एक निवडायची. लग्नपत्रिकांच्या चिमुकल्या प्रतिमा म्हणजे वर गणपती, खाली कलश, मध्ये लाल अक्षरं. नऊच्या नऊ जुळी भावंडं. ही नावं परत दाखवण्याची सोय सुरुवातीच्या आवृत्तीत नव्हती, २०२३ मध्ये ती परत आली. आमच्या मशीनमध्ये ती होती, फक्त बंद होती. हे मला दहाव्या दिवशी कळलं, कारण दहा दिवस मी फोनवर "होईल सवय" एवढंच सांगत होतो.

'शोधा'च्या चौकटीबद्दल थोडक्यात. ताई तिथे आडनाव टाकायच्या, सिस्टीम फाईलींबरोबर इंटरनेटही धुंडाळून आणायची. छपाईचा प्रिंटर आपोआप बदलायचा, कारण शेवटी वापरलेला प्रिंटर हाच मुख्य धरायचा असं तिने परस्पर ठरवलं होतं. दोन्ही गोष्टी एकेका खुणेने बंद होतात. खूण कुठे आहे हे शोधायला मात्र मलाही पाऊण तास लागला, कारण सेटिंग्जची नवी खोली आणि जुनं कंट्रोल पॅनेल असे दोन संसार अजून एकाच घरात नांदत आहेत, आणि एकाचा दरवाजा मध्येच दुसऱ्यात उघडतो.

"जतन म्हणजे आजीचे दागिने"

पाचव्या दिवशी तरुण डिझायनरने मनापासून एक उपाय केला. ताईंच्या मशीनवर सगळी सिस्टीम मराठीत करून दिली. मराठीचा अभिमानी म्हणून मलाही बरं वाटलं. ताईंनी दुपारपर्यंत सहन केलं आणि मग म्हणाल्या, "इंग्रजी परत आण रे बाबा."

कारण ऐकण्यासारखं होतं. 'सेव्ह' हा शब्द त्या वाचत नव्हत्याच. यादीत वरून अमुक क्रमांकावर, अमुक लांबीचा एक ठिपका, एवढीच त्यांची ओळख. मराठी केल्यावर शब्दांची लांबी बदलली, यादी रुंद झाली आणि उरलीसुरली ओळखही गेली. शिवाय शब्द कुठले? "जतन करा म्हणे! जतन म्हणजे आजीचे दागिने. फाईल सेव्ह करतात." काकांनी, जे शुद्धलेखनावरून मंडळांच्या कार्यकर्त्यांना घाम फोडतात, चक्क ताईंची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, 'जतन' शुद्ध आहे, पण या दुकानात तो शब्द कधी कोणी उच्चारलेला नाही, आणि कामाच्या जागी कामातला शब्द हवा. माझं मत थोडं वेगळं आहे. पहिल्यांदाच कॉम्प्युटरला हात लावणाऱ्याला मराठी मांडणीने मदतच होईल. पण सत्तावीस वर्षं हात बसलेल्या माणसाला ती दुसऱ्यांदा घर बदलायला लावण्यासारखी झाली, तेही पहिलं सामान उघडायच्या आत.

दोन डेस्कटॉप

आता पत्रिका. मुलीच्या घरच्यांनी मजकूर मशीनं बदलायच्या आधीच दिला होता, आणि पहिलं प्रूफ जुन्या मशीनवर तयार झालं होतं, १२ वाजून १७ मिनिटांचं. मग ते पंधरवडाभर अडकलं, कारण 'आपले विनीत'खाली थोरल्या काकांचं नाव आधी की आत्याच्या यजमानांचं, यावर त्यांच्याकडे तह होत नव्हता. दरम्यान मी मशीनं बदलली.

रविवारी काय झालं ते मला नंतर ताळा मांडताना कळलं. जुन्या मशीनवरच्या फाईली मी आधी नव्या मशीनच्या डेस्कटॉपवर उतरवल्या. त्यानंतर सिस्टीमने विचारलं, तुमच्या फाईली सुरक्षित करू का? मी 'हो' म्हटलं. सुरक्षित करणं म्हणजे तिच्या लेखी डेस्कटॉपच उचलून इंटरनेटवरच्या साठ्याशी जोडलेल्या फोल्डरमध्ये नेणं. पडद्यावर दिसू लागला तो नवा डेस्कटॉप. काही फाईली दिसेनात, म्हणून मी घाईत त्या पुन्हा एकदा उतरवल्या. आता मशीनमध्ये 'डेस्कटॉप' नावाच्या दोन जागा होत्या, दोन्हींत 'फायनल' नावाचं फोल्डर, आणि त्या दिवसापुरतं दोन्हींत सारखंच सामान. डोळ्यांना त्यातला एकच दिसत होता.

पहिले बारा दिवस आतल्या खोलीचं नेटवर्क जोडलेलं नव्हतं. पेनड्राइव्हवर काम चाललं होतं, म्हणून काही बिघडलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी नेटवर्क जोडलं, आणि सवयीने, न बघता, जुन्या जागेचा पत्ता टाइप केला. ताईंच्या हाताला मी नावं ठेवत होतो, आणि नेमकं तेच माझ्या हाताने केलं. शनिवारी सकाळी मुहूर्त दुरुस्त झाला, वडिलांनी मान डोलावली, ताईंनी 'फायनल'मध्ये फाईल सेव्ह केली आणि आत हाक मारली, "घे रे, लाव." आतल्या मुलाने त्याच्या पडद्यावर त्याच नावाच्या फोल्डरमधली त्याच नावाची फाईल उघडली आणि तीनशेवर लावली.

चूक दुकानातल्या काकांनी पकडली, पत्रिका पाकिटात जायच्या आधी. ते रोज छापील गठ्ठ्यातली एक प्रत उचलून वाचतात, कोणी सांगितलेलं नसताना. मालकांनी कागदाचा खर्च सोसला, मी माझं अर्धं बिल सोडलं, आणि रात्री दहापर्यंत तीनशे पत्रिका पुन्हा निघाल्या. गिऱ्हाइकाला काही कळलं नाही.

फाईली पुसल्या जाऊ नयेत म्हणून केलेली सोय वाईट कशी म्हणणार? ताईंची हार्ड डिस्क २०१६ मध्ये गेली होती तेव्हा अशी सोय असती तर एका मंडळाची स्मरणिका वाचली असती. पण 'सुरक्षित करू का' या प्रश्नात 'तुमचं घर दुसरीकडे हलवू का' हा प्रश्न दडलेला होता आणि तो स्पष्ट विचारला गेला नाही. मीही विचारला नाही. देखभाल करणाऱ्याने 'पुढे, पुढे' दाबत जाणं म्हणजे गुरुजींनी पोथीतली पानं चिकटली म्हणून दोन-दोन उलटत जाण्यासारखं आहे.

सोमवारची दुपार

सोमवारी मी दुपारी दोनला गेलो, हातात यादी न घेता. ताईंच्या मागे स्टूल टाकून बसलो आणि त्या कुठे थांबतात ते बघत राहिलो. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तासाभरात सगळं कळलं. बटण डावीकडे नेलं, हवामान काढून टाकलं. पट्टीवर फाईलींची नावं परत आणली. दुसरा डेस्कटॉप रिकामा करून कुलूपबंद केला आणि आतल्या खोलीसाठी 'छपाईला' नावाचं वेगळंच फोल्डर केलं, ज्याचा डेस्कटॉपशी काही संबंध नाही. हे सगळं मिळून चहा निवायच्या आत झालं, आणि याचाच मला जास्त राग आला.

राइट क्लिकची जुनी यादी परत आणायची एक आतली युक्ती आहे. ती मी वापरली नाही. पुढच्या एखाद्या अपडेटने ती मोडली तर ताईंना तिसऱ्यांदा शिकावं लागेल. त्याऐवजी नाव बदलायला 'एफ-टू'ची कळ दाखवली. ताई थबकल्या. "ही आधीही होती?" होती, फार जुनी आहे. टायपिंग शिकलेल्या बोटांना माउसपेक्षा कळ केव्हाही जवळची, आणि ही कळ कोणतीही मांडणी आली तरी हललेली नाही.

नव्यातलं एक मात्र ताईंनी स्वतःहून उचललं. खिडकी मोठी करायच्या चौकोनावर बाण नेला की पडदा कसा वाटायचा त्याचे नमुने येतात. डावीकडे गिऱ्हाइकाने पाठवलेला मजकूर, उजवीकडे पत्रिका. पूर्वी त्या हे कागद कळफलकाला टेकवून करायच्या. "हे बाकी झकास केलंय मेल्यांनी," असं प्रशस्तिपत्र कंपनीला मिळालं.

तरुण डिझायनरचं अजूनही म्हणणं आहे की महिनाभरात सवय झालीच असती, उगाच सगळं मागे नेलं. त्याची झाली, दोन दिवसांत. त्याच्यापुरतं खरं आहे. पण त्याच्याकडे त्या महिन्यात लग्नपत्रिका नव्हत्या, मालकाच्या ओळखीच्या हॉटेलचं मेनूकार्ड होतं, ज्याला मुहूर्त नसतो.

वाया गेलेल्या तीनशे पत्रिका मालकांनी टाकल्या नाहीत. कोऱ्या पाठीचे चिठ्ठीकागद झाले. त्यातल्याच एकावर ताईंनी स्वतःच्या अक्षरात कळा लिहून पडद्याच्या कडेला चिकटवल्या आहेत. कंपनीचे शब्द त्यात एकही नाहीत: 'नाव बदल – एफ-टू', 'जुनी यादी – शिफ्ट एफ-टेन', 'आधी कॉपी केलेलं सगळं – खिडकीची कळ आणि व्ही'. पुढे एका मोठ्या अपडेटनंतर राइट क्लिकमधल्या त्या चित्रांखाली शब्द आले. मी कौतुकाने दाखवायला गेलो, तर ताई म्हणाल्या, तिकडे आता कोण बघतंय.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच मुंबईत उतरला, २६ तारखेला. दुपारी ताईंचा फोन आला. आता काय सरकलं, या धास्तीने मी उचलला.

"अरे, ते हवामान परत लाव जरा. छत्री आणली नाही आज." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "पण कोपऱ्यात नको हं."